लाखाचा लॅपटॉप घ्यावा का?

जून महिना जवळ आला की पूर्वी घराघरांतून एक यादी व्हायची. छत्र्या, पावसाळी चपला, वह्या-पुस्तकं, दप्तर, कव्हरांसाठी खाकी कागद. त्या यादीत आता लॅपटॉप येऊन बसला आहे. बारावीचा निकाल लागतो, कुठल्याशा कॉलेजात प्रवेश मिळतो, आणि पेढ्यांचा पुडा संपायच्या आत चिरंजीव किंवा कन्यारत्न जाहीर करतात, "आई, मला मॅकबुकच हवं. सगळ्यांकडे तेच आहे." किंमत विचारावी तर लाखाच्या घरात! त्याच दुकानात चाळीस-पंचेचाळीस हजारांचाही लॅपटॉप मांडलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच. पडदा, कळफलक, झाकण. मग वरचे पंचावन्न-साठ हजार कशाचे?

हा प्रश्न तुम्ही घरात विचारलात तर बहुधा उत्तर येतं, "तुला नाही कळायचं त्यातलं." आणि गंमत अशी की पैसे उभे करायची वेळ आली की भिशी तुमची लागते, मोडायची ठेव तुमच्या नावावरची असते, यंदाच्या दिवाळीचा दागिना राहतो तोही तुमचाच. मैत्रिणींनो, ज्या वस्तूसाठी आपली शिल्लक जाते ती आपल्याला कळलीच पाहिजे. आणि खरं सांगते, ती कळायला काही फार अवघड नाही. पैठणी घेताना आपण पदराची उलटी बाजू पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. लॅपटॉपचीही अशी उलटी बाजू असते, ती पाहता आली म्हणजे झालं.

हा भाव आला कुठून?

महाग संगणक आणि स्वस्त संगणक हे भांडण आजचं नाही. अमेरिकेतल्या ॲपल कंपनीनं १९८३ साली 'लिसा' नावाचा संगणक काढला. किंमत ९,९९५ डॉलर! पडद्यावर चित्रं, हाताखाली माउस, सगळं नवलाचं. पण एवढे पैसे मोजणारी गिऱ्हाइकं फारशी मिळाली नाहीत आणि लिसा पडला. पुढच्याच वर्षी, १९८४ च्या जानेवारीत, त्याच कंपनीचा 'मॅकिंटॉश' २,४९५ डॉलरना आला. 'मॅक' हे नाव तिथलं. दुसरीकडे आयबीएम कंपनीनं १९८१ मध्ये काढलेल्या पीसीसारखे संगणक इतर कंपन्याही बनवू लागल्या, चढाओढ लागली आणि भाव उतरत गेले.

आजही कथा तीच आहे. विंडोजवर चालणारे लॅपटॉप डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, आसुस अशा कितीतरी कंपन्या काढतात. मॅक मात्र एकट्या ॲपलचा. गावात एकाच दुकानात मिळणाऱ्या मिठाईसारखं आहे हे. ज्याचं दुकान, त्याचा भाव. अर्थात महाग म्हणजे फक्त ॲपल असंही समजू नका. लेनोव्होचा 'थिंकपॅड एक्स-१ कार्बन' किंवा डेलचा 'एक्सपीएस' यांच्या किमती लाखाच्या पुढे सहज जातात. तेव्हा प्रश्न एका कंपनीचा नाही. दुप्पट पैसे मोजून दुप्पट काही पदरात पडतं का, एवढाच आहे.

ओटा आणि कोठीघर

जाहिरातीत आकड्यांची जी आतषबाजी असते, तिच्यातल्या तीनच गोष्टी आपल्या कामाच्या. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. हात किती चपळ ते तिच्यावर. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की परात उचलल्याशिवाय पोळपाट मांडता येत नाही. तसंच रॅम कमी असली की एक काम बंद केल्याशिवाय दुसरं उघडत नाही, उघडलं तरी रडतखडत. आणि एसएसडी म्हणजे कोठीघर. फोटो, व्हिडिओ, मुलांचे प्रकल्प, सगळं तिथे राहतं. आज घरच्या साध्या कामालाही ओटा ८ जीबीपेक्षा लहान नको, १६ मिळाला तर उत्तम; आणि कोठीघर ५१२ जीबीचं असलं की चार-पाच वर्षं बघायला नको. एखादा दुकानदार जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेला माल "ताई, एक टीबी आहे" म्हणून गळ्यात मारू लागला तर सरळ नको म्हणा. कोठीघर मोठं खरं, पण तिथून जिन्नस काढून आणायला वेळ लागतो त्याचं काय?

आता ऐका. विजेचं बिल भरणं, बँकेचं काम, मुलांचे ऑनलाइन तास, अर्ज टाइप करणं, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर बोलणं, संध्याकाळी एखादी मालिका पाहणं, एवढ्या कामांत १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पन्नास हजारांचा लॅपटॉप आणि लाखाचा लॅपटॉप यांच्या वेगात तुम्हाला फरक जाणवायचा नाही. वरण दोन्ही कुकरमध्ये शिजतं. म्हणून "हा फास्ट आहे" एवढ्या एका वाक्यावर कोणी दुप्पट पैसे मागत असेल, तर ते वाक्य पुरेसं नाही.

मग जास्तीच्या पैशांत मिळतं काय? मिळतं, नाही असं नाही. अंग धातूचं असतं, बिजागरी कुरकुरत नाही, पडदा डोळ्यांना निवांत वाटतो, टचपॅडवर बोट लोण्यासारखं फिरतं. ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलची चिप सोडून स्वतःची 'एम१' ही चिप मॅकबुक एअरमध्ये घातली, तेव्हापासून तर मोठा फरक पडला. या चिपला वीज फार थोडी लागते, त्यामुळे यंत्र तापत नाही, आणि म्हणून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. पंखा नाही म्हणजे घरघर नाही, आणि धूळ आत ओढून घेणंही नाही. वजन सव्वा किलोच्या आसपास. एका चार्जिंगवर १८ तास व्हिडिओ पाहता येईल असं कंपनी म्हणते. स्कूटरच्या ॲव्हरेजसारखंच आहे हे. कंपनीचे तास वेगळे आणि आपले वेगळे. पण पूर्ण दिवसाचं काम निघतं, ही गोष्ट खरी. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात किंवा रोज लोकलनं जाणाऱ्या मुलीच्या खांद्याला या दोन गोष्टींचं मोल आहे, ते मी नाकारणार नाही. अलीकडे विंडोजचेही काही हलके लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत बरेच जवळ आले आहेत, पण तेही स्वस्त नाहीत.

आणि आता पदराची उलटी बाजू. मार्च २०२५ मध्ये 'एम४' चिपचं मॅकबुक एअर भारतात आलं, तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण असलेल्याची किंमत होती ९९,९०० रुपये. साठवण ५१२ जीबी हवी म्हटलं की १,१९,९००! म्हणजे कोठीघर तेवढं वाढवायला वीस हजार. त्या सुमारास बाजारात चांगल्या कंपनीची ५०० जीबीची अख्खी सुटी एसएसडी पाच हजारांच्या आत मिळत होती. बरं, नंतर बाहेरून आणून बसवू म्हणावं, तर तीही सोय नाही. मॅकबुकमध्ये रॅम आणि साठवण दोन्ही आतच कायमची पक्की केलेली असतात. घेताना जे घेतलंत, तेच शेवटपर्यंत. हे वीस हजार मला तरी कशाचेच वाटत नाहीत. हातात सापडलेल्या गिऱ्हाइकाकडून घेतलेले वाटतात.

वर्षाला किती पडला?

भारी साडी वर्षातून एकदा नेसली तर महाग आणि दर सणाला नेसली तर स्वस्त, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. तोच इथे लावा. एक लाखाचा लॅपटॉप आठ वर्षं टिकला तर वर्षाला साडेबारा हजार पडला. पंचेचाळीस हजारांचा पाच वर्षं टिकला तर वर्षाला नऊ हजार. चारच वर्षं टिकला तर सव्वाअकरा हजार. म्हणजे अंतर वाटलं होतं तेवढं नाही. शिवाय मॅकबुक जुनं विकायला काढलं तर त्याला गिऱ्हाईक बऱ्यापैकी मिळतं. पंचेचाळीस हजारांचा प्लास्टिकचा लॅपटॉप पाच वर्षांनी भंगारवालाही हातात घेऊन दोनदा उलटासुलटा करतो.

इथपर्यंत ऐकून चिरंजीव खूश होतील. त्यांना थांबवा, हिशेब संपलेला नाही. वाचलेले पंचावन्न हजार बँकेत ठेवलेत, सात टक्के व्याज धरलंत, तर पाच वर्षांत त्याचे साधारण सत्याहत्तर हजार होतात. म्हणजे पहिला लॅपटॉप थकला तेव्हा दुसरा, त्या वेळचा नवा, हातातल्या पैशांतून येतो आणि वर काही उरतं. शिवाय अठराव्या वर्षी मुलाच्या हातात लाखाची वस्तू देणं आणि तेविसाव्या वर्षी देणं यात फरक आहे. हॉस्टेलच्या खोल्या, बसचे प्रवास, मित्रांनी "जरा बघू" म्हणून ओढून नेणं, सगळं याच काळात असतं. म्हणून साध्या अभ्यासाला आणि घरच्या कामाला मधल्या किमतीचाच लॅपटॉप घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

मधल्या किमतीचा म्हटलं, अगदी खालच्या किमतीचा नव्हे. वीस-बावीस हजारांत नवा लॅपटॉप म्हणून जो मिळतो, त्याचा ओटा बऱ्याचदा ४ जीबीचा आणि कोठीघर ६४ किंवा १२८ जीबीचं असतं. वर्षभरात तो विंडोजच्या स्वतःच्याच ओझ्याखाली वाकतो. घरातली सगळ्यांत महागडी वस्तू कुठली म्हणाल तर ही, कारण ती दोनदा घ्यावी लागते.

टिकणं म्हणजे नुसतं यंत्र चालू राहणं नव्हे, तेही सांगून ठेवते. यंत्राच्या आत जी कार्यप्रणाली असते तिला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहाव्या लागतात. त्या थांबल्या की कुलूप जुनं आणि चोर नवे, अशी गत होते. आणि आपण तर त्यावर बँकेची कामं करतो. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' चा नेहमीचा आधार संपवला. साधारण २०१७ च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपवर 'विंडोज ११' अधिकृतपणे चढत नाही. ते लॅपटॉप चालू होते, दिसायला धडधाकट होते, पण कंपनीच्या लेखी म्हातारे झाले.

महाग वस्तूला हा नियम चुकत नाही. २०२० सालच्या मार्चमध्ये एक मॅकबुक एअर आलं, त्यात इंटेलची चिप. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरं आलं, त्यात एम१. भारतातली किंमत दोन्हींची त्र्याण्णव हजारांच्या आसपास, दिसायला जुळी भावंडं. २०२५ मध्ये ॲपलनं 'टाहो' ही नवी प्रणाली दिली, ती नोव्हेंबरवाल्यावर चालते आणि मार्चवाल्यावर चालत नाही. आठ महिने थांबलेल्या बाईचे पैसे वसूल, घाई केलेलीचे पाचव्या वर्षीच मागे पडले! म्हणून कुठलाही लॅपटॉप घेताना "हे मॉडेल कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी आलं?" हा प्रश्न विचाराच. सेलमध्ये भरघोस सूट असलेला माल पुष्कळदा याच जातीचा असतो.

आणि महाग म्हणजे निर्दोष, हाही एक भ्रमच. २०१५ ते २०१९ या वर्षांतल्या मॅकबुकांना जो 'बटरफ्लाय' कळफलक होता, त्यात बारीक कण शिरला तरी कळ अडकायची किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं. शेवटी २०१८ मध्ये कंपनीनं फुकट दुरुस्तीची योजना काढली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

आधी काम, मग यंत्र

तर मग लाखाचा लॅपटॉप कोणी घ्यावा? ज्याचं काम तो मागतं त्यानं. हे काम कुठलं, ते मुलांच्या तोंडून न ऐकता कॉलेजातून विचारून घ्या. मुलगी यंत्र अभियांत्रिकीला किंवा वास्तुरचनेला जाणार असेल आणि तिथे सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स असली सॉफ्टवेअर शिकवत असतील, तर मॅकबुक घेऊन पंचाईतच होईल. ही तिन्ही विंडोजसाठी निघतात, मॅकसाठी नाहीत. लाख रुपये मोजायचे आणि कॉलेजातल्या प्रयोगाला मैत्रिणीचा लॅपटॉप मागायचा! उलट चित्रपट-संकलन शिकणाऱ्याला 'फायनल कट प्रो', संगीताचं ध्वनिमुद्रण करणाऱ्याला 'लॉजिक प्रो' आणि आयफोनसाठी ॲप लिहिणाऱ्याला 'एक्सकोड' लागतं, ती विंडोजवर चालत नाहीत. तिथे मॅकचा खर्च हा शिंप्याच्या मशीनचा खर्च झाला. संगणकशास्त्राच्या मुलांचं दोन्हींवर निभतं. कॉमर्सच्या मुलांना टॅली लागते, आणि टॅली विंडोजसाठी आहे.

एक धोक्याची सूचना मुलग्यांच्या आयांना. "अभ्यासासाठी" या नावाखाली जो जाडजूड, रंगीत दिवे लुकलुकणारा लॅपटॉप मागितला जातो, त्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात. तोही ऐंशी हजारांच्या, लाखाच्या घरात जातो. त्यातलं ग्राफिक्स कार्ड त्रिमितीय आराखड्यांच्या कामाला उपयोगी पडतं हे खरं, तेव्हा वास्तुरचनेच्या मुलाला नाही म्हणू नका. पण बी.कॉम.च्या मुलाला तो कशासाठी हवा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. दप्तरात दोन-अडीच किलोंचा दगड, आणि बॅटरी दुपारच्या डब्यापर्यंत!

दुरुस्तीला कुठे जाल?

हा प्रश्न शहरातल्या बाईला सुचत नाही, पण तालुक्याच्या गावी राहणारीला पहिला सुचायला हवा. ॲपलनं मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात आपलं स्वतःचं दुकान २०२३ च्या एप्रिलमध्ये उघडलं आणि पुण्यात कोरेगाव पार्कला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. बाकी बहुतेक ठिकाणी अधिकृत सेवाकेंद्रांवर भिस्त. तुमच्या गावापासून सगळ्यांत जवळचं केंद्र कुठे आहे आणि तिथे जाऊन यायला किती वेळ लागतो, हे पैसे भरायच्या आधी पाहा. विंडोजचे लॅपटॉप विकणाऱ्या काही कंपन्या माणूस घरी पाठवतात. ही सोय आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते मात्र नक्की विचारा, कारण जाहिरातीत ते बारीक अक्षरांत असतं.

आणखी एक. घरात लॅपटॉप असतो कुठे? जेवणाच्या टेबलावर, नाहीतर चहाच्या कपाशेजारी. साधी वॉरंटी सांडलेल्या चहाला लागू नसते, मग तो लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो. मॅकबुकमध्ये सगळंच एका पाटीवर पक्कं बसवलेलं असल्यामुळे चहा आत गेला तर एवढासा भाग बदलून भागत नाही, मोठी पाटीच बदलायला सांगतात आणि तो आकडा ऐकून घेरी येते. लाखाची वस्तू घ्यायचीच असेल तर अपघाताचं संरक्षण देणारी जादा योजनाही त्याच वेळी घ्या, आणि तिची किंमत मूळ किमतीतच मिळवून मग घरी आकडा सांगा. स्वस्त लॅपटॉपमध्येही रॅम वाढवता येते का, बॅटरी बदलून मिळते का, हे विचारून ठेवावं. हल्ली बारीक अंगाच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्येही रॅम पक्कीच बसवलेली असते.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल थोडं. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणून जे सांगतात, त्यात बँक व्याज लावतेच. दुकान तेवढी सूट किमतीत दाखवतं. पण त्या व्याजावर जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, बहुतेकदा प्रक्रिया शुल्कही असतं, आणि रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला मिळेलच असं नाही. तेव्हा दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. दुकानदार कुरकुरला तरी मागा. विद्यार्थ्यांसाठीची सवलतही विसरू नका. वर सांगितलेलं ९९,९०० चं मॅकबुक एअर विद्यार्थ्यांना ८९,९०० ला मिळत होतं. दहा हजार म्हणजे काय थोडे झाले?

आणि तुमचा लॅपटॉप?

आपल्या घरांतून लॅपटॉपची एक उतरंड असते. नवा मुलाला, त्याच्या आधीचा यजमानांना, आणि ज्याची बॅटरी मेली आहे, एक कळ निघाली आहे, जो सतत भिंतीच्या प्लगला बांधलेला असतो, तो आईला. "तुला काय, रेसिपीच तर बघायच्या असतात." पण पाहा ना, आज कितीतरी जणी घरून शिकवण्या घेतात, डब्यांचे हिशेब ठेवतात, ब्लाउजच्या ऑर्डरी लिहितात, भाषांतरं करतात, सोसायटीचा जमाखर्च सांभाळतात. माझी एक मैत्रीण घरी बसून मराठी मजकूर जुळवण्याचं काम करते. रोजचे पाच तास. घरात सगळ्यांत जास्त वेळ लॅपटॉपवर तीच असते आणि सगळ्यांत जुना लॅपटॉप तिच्याकडेच होता. दर दहा मिनिटांनी तो अडकायचा आणि ही देवाचं नाव घेत बसायची. मुलाच्या लाखाच्या मागणीवर तिनं शांतपणे सांगितलं, "पन्नास तुला, पन्नास मला." दोन दिवस घरात अबोला होता. मग दोन्ही लॅपटॉप आले.

तुम्ही रोज तीन-चार तास यंत्रावर काम करून चार पैसे मिळवत असाल, तर चांगला पडदा आणि चांगला कळफलक यांवर दहा-पंधरा हजार जास्त घालायला मुळीच कचरू नका. डोळे आणि मनगटं आपलीच आहेत. मराठी टाइप करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : युनिकोडमधलं मराठी विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, पण तुमचा छापखाना जुन्या पद्धतीच्या फाँटमध्येच मजकूर मागत असेल, तर तुमच्याकडची आवृत्ती कुठल्या यंत्रावर चालते, ते आधी विचारून घ्यावं.

आणि एवढे पैसे नसले तर? तर एक आडवाट आहे, मला स्वतःला ती फार पसंत आहे. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक असे दणकट लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. नवे असताना ते महागच होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसला, आणि आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी ते साफसूफ करून विकायला असतात. २०२५ मध्ये वीस ते तीस हजारांत चांगला नग मिळत होता. म्हणजे त्या नव्या, लुळ्या लॅपटॉपच्याच पैशांत धातूचं अंग आणि बोटांना सुखाचा कळफलक. घेताना प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे ना, तेवढं पाहा, नाहीतर विंडोज ११ चं कोडं पुन्हा समोर. बॅटरी किती वेळ चालते ते दुकानात प्लग काढून पाहा. आधीच्या मालकाचं कुलूप, म्हणजे त्याचा पासवर्ड, काढलेला असल्याची खात्री करा. जुनं मॅकबुक घेताना तर हे फारच महत्त्वाचं. आणि बिल नाही, वॉरंटी नाही, "विश्वास ठेवा ताई" असं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

दुकानात जायच्या दिवशी घाई नको. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी सवलती असतात, पण आदल्या आठवड्यात भाव पाहून ठेवला असेल तरच सवलत खरी की खोटी ते कळतं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिप्सचे भाव जगभर चढले, त्यामुळे वर दिलेले आकडे वाचून थेट पैसे नेऊ नका, त्या दिवसाचा भाव विचारा. नमुना म्हणून मांडलेला लॅपटॉप घेऊ नका. खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि तो फोडतानाचं फोनवर चित्रण करून ठेवा. पडद्यावर पांढरं पान उघडून एखादा काळा ठिपका कायमचा नाही ना, ते बघा. सगळ्या कळा एकदा दाबा, कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा पाहा, आवाज ऐका. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, ते कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच वेळी तपासता येतं. काही खोके दुकानात पडून असतात आणि त्यांची वॉरंटी आधीच चालू झालेली असते. गावातच घरगुती व्यवसाय करत असाल आणि जीएसटी क्रमांक असेल, तर तो बिलावर घालायला विसरू नका. लॅपटॉपवरचा १८ टक्के कर हिशेबात धरता येतो. आणि भिशी तुमची असेल, तर बिलावर नावही तुमचंच घालायला सांगा.